चाल काढून घेतल्यावर

सकाळी सात वीसचा तास. गंगापूर रोडवर धुकं,
खिडकीची एक काच फुटलेली, तिथे जुन्या वेळापत्रकाचा पुठ्ठा.
तृतीय वर्ष कला, मराठी विशेष :
पटावर अकरा, बाकांवर सहा.
मी तासिका तत्त्वावर.

झेरॉक्स वाटते. संगीत नाटक, अंक दुसरा.
ग्रंथालयात सापडलं तेव्हाच मुखपृष्ठ गळालेलं,
म्हणून नाटककाराच्या नावाला हात जोडायची सोय नाही.
बरंच झालं.

प्रत्येक पदाच्या डोक्यावर ‘चाल’ छापलेली होती.
मी त्यावर कागदाची पट्टी ठेवून प्रती काढल्या.
आता ह्या नुसत्या ओळी.
गायच्या नाहीत, मोबाइलवर शोधायच्या नाहीत.
एवढंच विचारा : बोलता बोलता बाई गायला का लागते?
गद्य नेमकं कुठे कमी पडलं?

तेजल बोरस्ते म्हणते, मॅडम,
नवरा वळकटी घेऊन दारात उभा
आणि ही चार कडवी म्हणते.
त्याची गाडी नाही का चुकत?

हसतात. मी म्हणते, लिहून घे, हाच प्रश्न आहे.
पदात घड्याळ थांबतं.
कुणासाठी थांबतं, तेवढं शोधा.

हे सांगताना माझ्या आत
पट्टीखालची चाल वाजत असते.
उसनी चाल, दुसऱ्याच कुठल्या पदाची;
वडील ती पायपेटीवर धरायचे, नाशिकरोडला,
प्रेसमधली पाळी संपवून आल्यावर,
दिवसभर नोटांतल्या चुका शोधून डोळे लाल.
‘दीप सदनि मंद जळे’
ही ओळ मला नुसती वाचताच येत नाही.
वर्गात नियम मोडणारी मी एकटीच.

मग मागच्या बाकावरून, हात वर न करता,
पुंडलिक भोये, सुरगाण्याचा, वसतिगृहातला :
मंजुळीला पद नाही.

कोण मंजुळी?

मोलकरीण. एकोणीस वाक्यं आहेत, मोजली मी.
पद एकही नाही. आणि नाव मंजुळी.

नऊ वर्षं शिकवतेय हा अंक.
मंजुळी माझ्यासाठी कंसातली सूचना होती,
येते, जाते.

पुंडलिक वाचतो. सपाट, हजेरी घेतल्यासारखं :
बाई, पाणी तापलंय.
बाई, दिवा आणू का हो.
बाई, दार लावून घ्या.

रुमाना कोकणीचं बोट बाकावर आपटत असतं.
आठ, ती म्हणते. मॅडम, प्रत्येक वेळी आठ.

सहा जणांचे अंगठे बोटांच्या पेरांवर फिरू लागतात.
आठ. आठ. परत आठ.
वर चाल लिहिलेली नाही, खाली कडवं नाही,
कुणी पेटी उघडत नाही,
आणि बाई पाणी तापल्याचं छंदात सांगते आहे.
बाईसाहेबांच्या पदात जो दीप मंद जळतो
तो दोन ओळी आधी हिनेच आणून ठेवलेला.

सगळी नाही बसत, पुंडलिक म्हणतो.
पाच मोडतात. थांबतो, पान उलटतो.
मालक समोर असला की मोडतात.

पुठ्ठ्याच्या फटीतून गार वारं येतं.
हे नाटककाराला माहीत होतं?
मुखपृष्ठ असतं तर तरी कुणाला विचारलं असतं.

तेजलला वेगळीच काळजी :
परीक्षेत हे चालेल?
चालेल, मी सांगून टाकते.
पेपर मी काढत नाही.

साडेबाराला सीबीएस. ऊन तापलेलं, मफलर पिशवीत.
कंडक्टर दारातून ओरडतो : वणी, कळवण, सटाणा!
अंगठा आपोआप पेरांवर जातो.
नऊ. एक जास्त.
तो पुन्हा ओरडतो,
कुणीही वन्स मोअर दिलेला नसताना.